रॉकेट बघायला पोरांना प्रत्यक्ष घेऊन जा

"यूट्यूबवर सगळं लाइव्ह दिसतं की, मग त्यासाठी श्रीहरिकोट्याला कशाला जायचं?" हे मला घरच्यांनी विचारलं, कॉलेजात विचारलं, आणि आता माझ्या मागून फिजिक्स घेतलेली मुलंही विचारतात. श्रीहरिकोटा म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचं बेट, जिथून इस्रोची रॉकेटं उडतात. माझं उत्तर पक्कं आहे. जायचं. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जायचं, आणि पोरांना तिथवर न्यायची जबाबदारी शाळा-कॉलेजांनी घ्यायची.

मी गेले ते सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 यानाचं उड्डाण बघायला, 2 सप्टेंबर 2023 ला. बीएस्सीला होते. चांद्रयान-3 चंद्रावर उतरून जेमतेम दहा दिवस झाले होते, सगळीकडे इस्रोचीच चर्चा. शिवाय आदित्यवर सूर्याची अतिनील किरणांतली चित्रं घेणारी 'सूट' नावाची दुर्बीण होती आणि ती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत तयार झालेली. आपल्या पुण्यात बनलेलं यंत्र पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जाणार, म्हटल्यावर मला घरी बसवेना.

अडचण तारखेची. इस्रोने 28 ऑगस्टला उड्डाणाची तारीख जाहीर केली आणि 29 ला दुपारी 12 वाजता प्रेक्षक गॅलरीची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. म्हणजे हातात चार दिवस. चेन्नईच्या माणसाला ते पुरतात. सोलापूरहून निघणाऱ्या मुलीला गाडीचं रिझर्व्हेशन कुठून मिळणार? आम्ही तिघं गेलो, मी, मैत्रीण आणि तिचा मोठा भाऊ. तो सोबत नसता तर आमच्या दोघींच्या घरून परवानगी मिळाली नसती, हेही सांगायला हवं. चेन्नईपर्यंत जनरलच्या डब्यात दाटीवाटीने, तिथून लोकलने सुल्लुरपेटा, आणि पुढे पुलिकत सरोवरातून जाणाऱ्या सरळ रस्त्याने बसने बेटावर.

रॉकेट पीएसएलव्ही, 44.4 मीटर उंच, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीएवढं. वजन सुमारे 320 टन. हे आकडे मला पाठ होते. पण 11 वाजून 50 मिनिटांनी झाडांच्या वर जो उजेड उठला, त्याची मला काहीच कल्पना नव्हती. कॅमेऱ्यात ती ज्वाळा नुसती पांढरी दिसते. प्रत्यक्षात तिच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. आणि आवाज नाही! हजारो माणसं ओरडत होती, रॉकेट वर निघालं होतं, आणि त्याचा स्वतःचा आवाज अजून आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ध्वनीला किलोमीटरभर यायला साधारण 3 सेकंद लागतात, हे सातवी-आठवीत वीज आणि गडगडाटाच्या धड्यात शिकलेलं. मग तो आला. आधी जमिनीतून आल्यासारखी घरघर आणि मागोमाग तडतड, कापड फाडल्यासारखी, छातीच्या पिंजऱ्यात जाणवणारी. माझ्या शेजारी एक लहान तेलुगू मुलगा आजोबांचं बोट धरून उभा होता. त्याने दोन्ही कान झाकले, पण डोळे मात्र टक्क उघडे. लाइव्ह प्रक्षेपणात माइक पॅडच्या आसपास असतात आणि कॉमेंट्री वरून चालू असते, त्यामुळे ही मधली शांतता तिथे कळतच नाही. माझ्या मते प्रवासाचे सगळे पैसे त्या काही सेकंदांतच वसूल होतात.

दोनेक मिनिटांत ते दिसेनासं झालं आणि बरीच गर्दी बसच्या दिशेने निघाली. खरं तर मोहीम आत्ता कुठे सुरू झाली होती. त्या दिवशी यान रॉकेटपासून वेगळं व्हायला तासाहून जास्त, सुमारे 63 मिनिटं लागली. आम्ही बसच्या रांगेत मोबाइलवर ऐकत होतो, आजूबाजूची अनोळखी पोरं वाकून बघत होती. यान सुटल्याचं कळल्यावर त्या रांगेत ज्या टाळ्या वाजल्या, त्या मला उड्डाणाच्या वेळच्या टाळ्यांपेक्षा जास्त खऱ्या वाटल्या. 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 पहाटे असंच झोकात उडालं होतं, आणि तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन मोहीम गेली. तेव्हा मी घरी स्क्रीनसमोर होते आणि अक्षरशः रडले. त्या टप्प्यांमागे किती माणसांची किती वर्षं असतात, याचा अंदाज मला श्रीहरिकोट्याला जाऊन आल्यावरच यायला लागला.

म्हणून माझी इस्रोला मनापासून विनंती आहे. तारीख फार आधी सांगता येत नाही, हे मान्य. पण गॅलरीतल्या थोड्या जागा लांबच्या राज्यांतल्या सरकारी आणि जिल्हा परिषद शाळांसाठी बाजूला ठेवा, त्यांची यादी आधीच करून ठेवा, म्हणजे तारीख लागली की त्यांना निघता येईल. आणि आपल्याकडच्या संस्थांनी सहलीच्या खर्चात दोन-तीन दिवस जादा धरावेत. चांद्रयान-2 चं उड्डाण 15 जुलै 2019 च्या पहाटे अवघी 56 मिनिटं उरली असताना थांबवलं गेलं आणि 22 जुलैला झालं. असं झालं तर 'सहल फुकट गेली' म्हणून शिक्षकांना बोल लावायचा नाही. सगळी तयारी झाल्यावर, देश बघत असताना 'आज नको' म्हणायला काय लागतं, हे पोरांना त्या रात्रीइतकं कुठल्या वर्गात कळेल? मुलींनाही पाठवा. शाळेची सहल असली की घरचे पाठवतात, एकटीला पाठवत नाहीत. म्हणून तर शाळेने पुढाकार घ्यायचा.

सोलापूर-धाराशिव भागातल्या कुणा शिक्षकांच्या मनात असेल तर इथे लिहा. नोंदणी कशी करायची, चेन्नईहून कोणती लोकल पकडायची, ओळखपत्रं कोणती न्यायची, सगळं सांगते. मुलं सांभाळायला माणूस कमी पडत असेल तर मी स्वतः येते.