‘उपाशीपोटी आणणे’

आज दुपारी एका साडेपाच वर्षांच्या पोराचा एमआरआय रद्द झाला. कारण, एक ग्लुकोज बिस्किट. आजीनं चहात बुडवून दिलेलं. रात्री नऊपासून पोटात काही नाही, वेळ अकराची दिलेली, दोन वाजले तरी नंबर नाही, पोर रडून रडून आजीच्या मांडीवर निपचित पडलेलं. कुठल्या आजीला बघवेल हो? आणि मग सगळे त्या आजीवरच ओरडले. तिच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं काय, तर ‘उपाशीपोटी आणणे’. बास. किती तास, कशापासून, पाणी चालतं का, एक अक्षर नाही.

उपाशी का ठेवायचं ते आधी नीट समजून घ्या. एमआरआयच्या मशीनमध्ये अजिबात हलायचं नसतं, म्हणून लहान मुलांना बऱ्याचदा भूल देतात. भुलीच्या औषधानं मूल झोपतं तेव्हा ठसका लागून घसा मोकळा करण्याची शरीराची सवयही झोपते. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून जेवण, बिस्किट, वरचं दूध ६ तास आधी बंद. तळलेलं, तुपकट असेल तर ८. अंगावरचं दूध ४ तास. आणि साधं पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, म्हणजे ज्याच्या आरपार दिसतं ते, फक्त २ तास. काही ठिकाणी आता १ तास आधीपर्यंतही देतात. चहात दूध असतं, त्यामुळे चहाला पाण्याची सवलत नाही.

आता हिशोब करा. ते पोर सतरा तास पाण्यावाचून होतं. नियम दोन तासच मागतो! मान्य, मध्येच इमर्जन्सी आली की नंबर पुढे ढकलले जातात, त्याला इलाज नाही. पण बाहेर येऊन ‘अजून तीन तास आहेत, थोडं साखरपाणी पाजा’ एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

आणि याहून वाईट. पोराला फिट येतात, एमआरआय त्याचसाठी. उपाशी ठेवायचं म्हणून सकाळचं फिटचं औषधही दिलं नव्हतं. असं कधीही करू नका. फिटचं औषध डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर वेळेवर द्यायचंच. ‘रात्री जागवा, म्हणजे मशीनमध्ये झोपेल’ हा सल्लाही अशा मुलांना परस्पर लावू नका. जागरणानं फिट येऊ शकते.

बरं, या मुलाला भूल लागणारच होती का? कुणी विचारलंच नाही. तीन-चार महिन्यांपर्यंतचं बाळ बऱ्याचदा पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवलं की तसंच होऊन जातं. त्यानंतर चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना भूल लागते, यात वाद नाही. पण पाच-सहाच्या पुढचं समजूतदार मूल तयारी करून घेतली तर जागेपणी करू शकतं. तयारी म्हणजे आठवडाभर घरी स्टॅच्यूचा खेळ. मोठ्या खोक्यात किंवा टेबलाखाली चादर सोडून आडवं झोपवायचं, मोबाईलवर एमआरआयचा ठकठक-घर्रर्र आवाज लावायचा, पोटावर छोटं खेळणं ठेवायचं. खेळणं पडलं तर डाव बाद. आधी एक मिनिट, मग दोन, मग पाच. एकेक चित्रमालिका साधारण दोन ते सहा मिनिटांची असते, मूल हललं तर बहुतेक वेळा तेवढीच पुन्हा घेतात. फिटसाठीच्या मेंदूच्या तपासणीला सगळं मिळून पाऊण तास धरा. ‘दुखणार नाही’ हे सांगा, पण कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची, सुई लागणार असेल तर ती लपवू नका. एकदा खोटं सापडलं की मूल पुन्हा झोपणार नाही.

तरी नाही जमलं तर भूल द्या. त्यात आईबापांनी अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. अर्धवट हललेला एमआरआय काय कामाचा? ‘मेंदूवर परिणाम होईल’ ही भीती मला कळते. २०१६ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबद्दल. एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलीनं तान्ह्या बाळांमध्ये पुढे फरक दिसला नाही. विचारायचं ते वेगळंच. भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार का? ऑक्सिजन आणि श्वास दाखवणारा, एमआरआयच्या खोलीत चालणारा मॉनिटर आहे का? सक्शन, म्हणजे घशात आलेलं ओढून काढायचं यंत्र, आहे का? ताप, ओला खोकला, रात्री घोरणं, ॲलर्जी, सगळं आधी सांगा. दोन-तीन आठवडे पुढे ढकललं तरी चालेल, पण चोंदलेल्या छातीवर भूल नको. आणि झोपेचं सिरप घरून पाजून, स्कूटरवर मध्ये बसवून आणू नका. मान पुढे पडून श्वास अडकतो.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक भलंमोठं चुंबक. धातूचं तर कितीदा सांगायचं! वाळे, करदोटा, ताईत, मनगट्या, कानातलं, सेफ्टी पिन, जरीचा फ्रॉक, सगळं घरी काढून या. काजळही पुसा. डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी काढायला बसवलेली नळी, असेल तर ओरडून सांगा, काही शंटची सेटिंग चुंबकानं बदलते, नंतर तपासून घ्यावी लागते. मुलाबरोबर आत जाणाऱ्यालाही हेच लागू. चुंबक कायम चालू असतं, मशीन गप्प असतानाही. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात भूल दिलेला सहा वर्षांचा मुलगा खोलीत नेलेला ऑक्सिजनचा सिलिंडर चुंबकानं खेचला जाऊन आदळल्यानं गेला. २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर आत नेणारा नातेवाईक गेला.

लिहिता लिहिता राग उतरला खरा, पण आजीचा चेहरा जात नाही डोळ्यांसमोरून. पदरात अजून बिस्किटाचा भुगा होता, आणि ती सारखी म्हणत होती, ‘माझ्यामुळं झालं.’ नाही हो आजी, तुमच्यामुळं नाही.

पुढची तारीख मंगळवारची मिळाली आहे, सकाळी आठ, पहिलाच नंबर. आधी जागेपणी करून बघायचं ठरलंय, भुलीची तयारी ठेवूनच. पोरानं स्टॅच्यू सुरूही केला, बाहेरच्या बाकावरच. आजीनं निघताना विचारलं, ‘साखरपाणी चालंल ना?’ कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: साडेपाचला उठवा, अर्धी वाटी साखरपाणी, फिटचं औषध त्याच्याबरोबरच, सहानंतर काही नाही.