बारा काळांचा तक्ता एकदाचा फाडून टाका!

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण काळ शिकवायची पद्धत जागची हललेली नाही. तेच बारा रकाने, तीच घोकंपट्टी, तेच 'काळ बदला'. राम आंबा खातो, त्याचे काळ बदलत बसायचे. 'राम विल हॅव बीन ईटिंग अ मँगो' हे वाक्य कोण, कुणाला, कधी म्हणणार आहे? हे कुणी विचारतच नाही!

माझी भाची तक्ता धडाधड म्हणून दाखवते. तिला म्हटलं, "आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, हे इंग्रजीत सांग." गप्प. अगं, मराठीत 'होती' कुठे लावायचं हे तुला कुणी शिकवलं का? आधी गाडी सुटली, मग आपण पोचलो, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. एवढं सांगितल्यावर लगेच कळलं तिला. म्हणजे पोरं ढ नाहीत हो, त्यांना कारणच सांगितलेलं नसतं.

'आय हॅव सीन हिम यस्टरडे' तर पदवीधरांच्याही तोंडी असतं. यस्टरडे म्हटलं, वेळ ठरली, की साधा भूतकाळ: 'आय सॉ हिम'. वेळ सांगायची नसेल, नुसतं पाहिलंय एवढंच सांगायचं असेल, तर 'हॅव सीन'. हे समजवायला किती वेळ लागतो? पण नाही, 'हॅव'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं एवढं पाठ केलं की पुढचा धडा. संताप होतो नुसता!