साडी घ्यायला निघालो, खोकला घेऊन आलो

झालं, या रविवारीही तेच! लक्ष्मी रोडला साडी बघायला निघालो आणि कर्वे रोडच्या सिग्नललाच बायको म्हणाली, "परत फिर, या धुराने डोळे चुरचुरतायत." झाली खरेदी!

रिझर्व्ह बँक ग्राहकांच्या विश्वासाचं सर्वेक्षण करते. आर्थिक स्थिती, नोकऱ्या, महागाई, उत्पन्न, खर्च, सगळं विचारते. अहो, एकदा "श्वास घेता येतो का?" हेही विचारा की! कुठून येणार विश्वास? पगारातला थोडा एअर प्युरिफायरच्या फिल्टरला, थोडा पोराच्या नेब्युलायझरला, उरलेला डॉक्टरांना. मग नवा सोफा कोण घेणार? घेतलाच, तर चार दिवसांत त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. (आमच्या चिरंजीवांनी लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट.)

आणि ती फ्लॅटची जाहिरात! म्हणे "निसर्गाच्या कुशीत". गेलो वाघोलीला. बाल्कनीतून काय दिसलं? तीन क्रेन आणि ओळीने डंपर. सेल्सवाला स्वतः मास्क लावून सांगतोय, "सर, हवा एकदम फ्रेश!" या हवेत वीस वर्षांचं कर्ज काढू?

पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे आमची फुप्फुसं चौपट दणकट, नाही का? मिसळ पचवतो ना, मग धूरही पचेल!

साडी? शेवटी ऑनलाइन मागवली. डिलिव्हरीवाला पोरगा खोकतच जिना चढला.