पोहे आवडत नाहीत, तरी आत या
लॉगिन सांभाळणाऱ्या एका लायब्ररीसाठी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडसाठी, मला साधा टेस्ट प्रोग्रॅम लिहायचा होता. खरा पासवर्ड दिला की दार उघडावे आणि खोटा दिला की उघडू नये, एवढी दोनच कलमे असल्यामुळे जेवणाआधी काम उरकेल असे मी घरी जाहीरही केले. नागपुरातल्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून असली आश्वासने देऊ नयेत.

पहिली चूक माझीच. ही लायब्ररी बीक्रिप्ट नावाच्या पद्धतीने पासवर्डाचा ६० अक्षरी हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा ठसा, करून ठेवते. मी एकाच पासवर्डाचे दोन हॅश काढून ते सारखे का येत नाहीत, याचा शोध घेत बसलो. दर वेळी त्यात १६ बाइटांचे (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचे छोटे माप) नवे सॉल्ट, म्हणजे कशीही निवडलेली चिमूटभर भर, पडते, त्यामुळे ते सारखे येणारच नव्हते. हे समजेपर्यंत कूलरची टाकी कोरडी पडली होती.

मग मी खरा पासवर्ड ठेवला, ‘सीताबर्डीवर तर्री पोहे आवडतात’. खोटा म्हणून, मनाविरुद्ध, ‘सीताबर्डीवर तर्री पोहे आवडत नाहीत’ असे टाइप केले. लायब्ररीने दार सताड उघडले. ज्या वाक्यावर या गावात चारचौघांत भांडण होईल, ते तिने निमूटपणे मान्य केले होते.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. पाठीमागे उभे राहून ते म्हणाले, “शेवटचे शब्द वेगळे आहेत की रे. आम्ही सहीचा शेवटचा फटकारा आधी पाहायचो, खोटी सही तिथेच सापडते.”

आणि नेमका तो फटकाराच लायब्ररी पाहत नव्हती. १९९९ सालचे हे बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आपले प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो, वेलांटी असो की बिचारा पाय मोडलेला ‘र’ जोडणारा हलन्त असो, ३ बाइट खाते. म्हणजे मराठी माणसाच्या वाट्याला जेमतेम २४ चिन्हे. मी कागदावर एकेक चिन्ह मोजले, मधल्या तीन रिकाम्या जागांचा एकेक बाइट धरला, तर ७२वा बाइट बरोबर ‘आवड’ या ‘ड’वर संपत होता. त्यापुढे ‘तात’ आहे की ‘त नाहीत’, याच्याशी लायब्ररीला काहीच कर्तव्य नव्हते. काही लायब्ऱ्या अशा वेळी निदान तक्रार तरी करतात. आमची गप्प राहून पाहुणचार करणारी निघाली.

शेवटी ७२ बाइटांपेक्षा लांब पासवर्ड हॅश करण्याआधीच नाकारावा, अशी अट मी घातली. प्रोग्रॅम चालवला, तर खोट्याबरोबर माझा खरा पासवर्डही बाहेर. नाइलाजाने सीताबर्डी गाळून ‘तर्री पोहे आवडतात’ एवढेच ठेवले. ४७ बाइट, दोन्ही टेस्ट पास, दुपारचे साडेचार.

बाबांनी स्क्रीनवर वाकून वाचले आणि चष्मा काढत विचारले, “कुठले ते लिहायचे राहिले ना?”