वाडी, इमारत आणि बावखल: एका प्रतिक्रियेला उत्तर

वसईच्या हरित पट्ट्यावरील, म्हणजे तिथल्या बागायती वाड्यांवरील माझ्या लेखावर, या जमिनी घरांसाठी मिळाव्यात अशी सविस्तर प्रतिक्रिया आपण लिहिलीत, त्याबद्दल आभार. तिच्यातील ‘साहेब’ आणि ‘तुम्ही वाडीवाले’ ही भाषा मात्र अनावश्यक होती. नालासोपाऱ्यातील भाडेकरूची अडचण मांडण्यासाठी दुसऱ्याच्या वाडवडिलांवर घसरावे लागत नाही. आपली एक गोष्ट निःसंकोच मान्य करतो: वाड्या बिल्डरांनी पळवून नेल्या नाहीत, त्या आमच्याच लोकांनी विकल्या, आणि विकल्यावर अनेकांना दुःख झाले ते भाव कमी आल्याचेच.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे येतो. ‘केळी आणि फुले ही हौस आहे, घर ही गरज आहे, जमीन गरजेला मिळाली पाहिजे,’ असे आपण लिहिले आहे. फुलांची टोपली पहाटेच्या लोकलने दादरला पोहोचली तरच शाळेची फी भरली जाईल, अशा घरात मी वाढलो. आई उजाडण्यापूर्वी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बसायची. तिची हौस आपण मला समजावून सांगू नये.

वाडी म्हणजे नुसती शेतजमीन नव्हे. तिच्यात राहते घर असते, घराभोवती केळी, पानवेल, भाजीपाला असतो, आणि एका अंगाला बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे छोटे तळे, असते. पावसाळ्यात वाडीतले पाणी बावखलात उतरते, तेथून ते जमिनीत मुरते, आणि म्हणूनच समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीला गोडे पाणी राहते. पीक, वस्ती आणि पाणी ही तिन्ही कामे त्याच जमिनीवर चालत आली आहेत. त्यांतली वस्ती तेवढी वाढवून चार मजली केली आणि बाकीच्यांसाठी नकाशावर दुसरीकडे हिरवा रंग दिला, तर उरलेली दोन कामे तेथे आपसूक सुरू होत नाहीत.

आमच्या शेजारचे बावखल एका विकासकाने डेब्रिज टाकून बुजवले. पहिल्या उन्हाळ्यात काहीच जाणवले नाही. पुढे केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, मग पानवेल गेली, कारण तिला खारे पाणी सोसत नाही, आणि अखेरीस घरातला चहाही मचूळ लागू लागला. त्या बुजवलेल्या जागेवरील इमारतीत आज टँकरने पाणी येते. तो टँकर कोणाच्या विहिरीवर भरला जातो, याची आपण एकदा चौकशी करावी. आपल्या ‘गरजे’ची तहानही कुठल्या तरी वाडीतच भागते आहे.

‘तुम्ही घरे अडवलीत’ हा आरोप तर मुळीच टिकत नाही. १९९० साली सिडको या शहरे वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडे वसई-विरारचे नियोजन सोपवले गेले आणि त्या काळात धर्मगुरू व लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. त्या सभांना मी स्वतः असायचो; भांडण पश्चिमेकडील बागायती पट्टा बांधकामाला खुला करण्याविरुद्ध होते. घरे तर झालीच. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती, आणि ही माणसे काही झाडावर राहत नव्हती.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, त्याचे खापर आपण एकट्या नालेसफाईवर फोडले आहे. नाले साफ हवेतच, पण तुंगारेश्वरच्या डोंगरावरून येणारे पाणी ज्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनींत, आणि मिठागरांत पसरायचे तेथे भराव पडल्यावर साफ नालाही ते कोठे नेणार? २९ गावे महापालिकेतून वगळण्याचा वाद, पुनर्विकास आणि माझी ‘संपन्न पार्श्वभूमी’ यांवरील आपल्या मजकुरात उत्तर देण्याजोगे काही आढळले नाही.

बावखल राखणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत मिळावी, एवढीच माझ्या लेखातील मागणी होती. आपल्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत तिच्याविषयी एक ओळही नाही.