तुम्हाला फोटो कशाचे काढायचे आहेत, हे एकानेही विचारले नाही

पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदाराने सर्वांत आधी एकच प्रश्न विचारायला हवा: फोटो कशाचे काढायचे आहेत? २०१९ च्या दिवाळीआधी मी रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले, तिथल्या एका मोठ्या दुकानात तास-दीड तास बसले आणि तेवढ्या वेळात हा प्रश्न मला कोणीही विचारला नाही. बजेट किती आहे, हप्ते हवेत का, बिल कोणाच्या नावावर करायचे, हे सगळे अगदी आस्थेने विचारले. या गोष्टीला इतकी वर्षे लोटली तरी माझा संताप तसूभरही कमी झालेला नाही, कारण मला जे गळ्यात मारले गेले तेच आजही नवशिक्यांच्या गळ्यात मारले जाते आहे.

मला माझ्या मुलीचे फोटो काढायचे होते. ती तेव्हा सात वर्षांची होती, नुकतीच कथक शिकायला लागली होती आणि डिसेंबरमध्ये शाळेच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार होती. त्यासाठी मी दोन वर्षे पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. सोबत धाकटा भाऊ आला होता, तो केवळ गाडी चालवायला. त्याला कॅमेऱ्यातले ओ की ठो कळत नाही आणि तसे त्याने स्पष्ट सांगितलेही होते. तरीही काउंटरवरचा माणूस पूर्ण वेळ त्याच्याकडे पाहून बोलत राहिला. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर भावाला मिळायचे. "दादा, ताईंना यात डोके घालायची गरजच नाही. ही हिरवी खूण दिसते ना, तिच्यावर चकती ठेवायची आणि बटण दाबायचे. बाकी सगळे कॅमेरा करतो." हे वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते.

मग त्याने मेगापिक्सेल, म्हणजे फोटोतले दहा-दहा लाख ठिपके, मोजायला सुरुवात केली. एक कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, दुसरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणून दुसरा चांगला, इतका सरळ हिशोब. कोणी जरा कागदावर आकडे मांडून पाहावेत. सहा इंच बाय चार इंचांची प्रिंट दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने काढायची झाली, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर गेले की काम झाले. अल्बममध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावर फोटो पाहणाऱ्या घराला १८ आणि २४ मधल्या फरकाने काहीही साधत नाही. ज्या गोष्टींनी साधते त्या दोन: एक, कॅमेऱ्याच्या आतला प्रकाश टिपणारा सेन्सर, जो या वर्गात सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे मोबाइलमधल्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. आणि दुसरी म्हणजे समोर लावलेली लेन्स किती प्रकाश आत घेते ती. यांतले एक अक्षर त्याच्या तोंडून निघाले नाही. त्याऐवजी बॅग फुकट, ट्रायपॉड फुकट, यूव्ही फिल्टर फुकट, १६ जीबीचे कार्ड फुकट असा ढीग माझ्यासमोर रचला गेला.

मी निकॉनचा डी ३५०० घेतला, दोन लेन्सच्या संचासह. कॅमेऱ्याविषयी माझी तक्रार नाही. २०१८ मध्ये आलेले हे मॉडेल हलके आहे आणि नवशिक्यासाठी चांगलेच आहे. माझी तक्रार विकणाऱ्याविषयी आहे. संचातली एक लेन्स १८-५५ आणि दुसरी ७०-३०० मिलिमीटरची; आकडा जितका मोठा तितकी लांबची वस्तू जवळ दिसते. "तीनशेची लेन्स आहे ताई, शेवटच्या रांगेत बसून चेहरा टिपाल," असे तो म्हणाला. या ७०-३०० लेन्सच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत हाताचा कंप सावरणारी व्हीआर यंत्रणा असते, दुसरीत नसते, आणि खोक्यावरची व्हीआर ही दोन अक्षरे सोडली तर दोघींचे नाव एकच. माझ्या खोक्यात व्हीआर नसलेली लेन्स निघाली. दोन आवृत्त्या असण्यात गैर काही नाही, पण पहिल्यांदा कॅमेरा हातात धरणाऱ्या बाईला ३०० मिलिमीटरची, कंप न सावरणारी लेन्स विकताना तो फरक सांगायचा नाही, याला मी लबाडीच म्हणते.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मी दहाव्या रांगेत बसले होते. मुलीचा नाच सुरू झाला, मी चकती हिरव्या खुणेवर ठेवली, लेन्स लांबवली, बटण दाबले आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश टपकन वर आला. लखकन उजेड पडला. पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसे मागे वळून माझ्याकडे पाहू लागली. पडद्यावर फोटो आला तो असा: समोरच्या आजोबांच्या टकलावर आणि एका बाईंच्या अंबाड्यातल्या गजऱ्यावर पांढराशुभ्र उजेड, आणि त्यापलीकडे काळोखात एक लालसर डाग. तो डाग म्हणजे माझी मुलगी. या कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, सुमारे ७ आहे. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवला आणि अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; एफ पुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/५.६ असले, तर त्याचा उजेड जेमतेम पाच मीटरपर्यंत पोचतो. रंगमंच माझ्यापासून त्याच्या दुप्पट तरी लांब होता. घाबरून मी शोधत शोधत फ्लॅश बंद करायची खूण गाठली, तर पुढचे सगळे फोटो हलले. तेव्हा मला वाटले, माझेच हात वाईट आहेत. घरी येऊन मी रडले, हे मी आज लिहून ठेवते. कार्डावर दोनशेच्या वर फोटो होते आणि त्यांतल्या एकातही तिचा चेहरा स्पष्ट नव्हता.

माझे हात वाईट नव्हते, हे कळायला मला पुढे कित्येक महिने लागले. ७०-३०० लेन्स पूर्ण लांबवली की तिचे अॅपर्चर एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्या सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. ज्या हॉलमध्ये आयएसओ १६०० वर एफ/१.८ ला एक अडीचशांश सेकंदाचा शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) मिळतो, तिथे एफ/६.३ ला तो एक विसांश सेकंदावर घसरतो. विसांश सेकंदात चक्कर घेणारी मुलगी सोडाच, उभी असलेलीही हलते. शिवाय ३०० मिलिमीटरची लेन्स या आकाराच्या सेन्सरवर ४५० मिलिमीटरसारखी वागते, म्हणून हात स्थिर राहायला साधारण एक साडेचारशांश सेकंदाचा शटर तरी हवा. म्हणजे त्या अंधाऱ्या हॉलमध्ये, आयएसओ १६०० वर, त्या लेन्सने, फ्लॅश बंद करून माझ्या जागी कितीही निष्णात छायाचित्रकार बसला असता, तरी त्याचेही फोटो हललेच असते. दुकानात बसून मी शाळेचे गॅदरिंग म्हटले असते, किंवा मला ते म्हणू दिले असते, तर ज्याला धंदा कळतो त्या माणसाला हे एका मिनिटात सांगता आले असते.

यानंतरचा प्रकार तर आगीतून फुफाट्यात पडण्याचा होता. कोणाकडून तरी कळले की कमी उजेडासाठी पन्नासची लेन्स घ्यावी. मी त्याच दुकानात फोन केला. ५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आहेत, एक डी आणि एक जी, डी काही हजारांनी स्वस्त पडेल, असे त्यांनी सांगितले. फरक काय, असे मी विचारले तर उत्तर आले, "काही नाही ताई, डी जुनी आहे, काच तीच." कॅमेऱ्याचे मॉडेल मी दोनदा सांगितले होते. कुरिअरने लेन्स आली, मी ती लावली आणि पडद्यावर एफ-ई-ई अशी अक्षरे लुकलुकू लागली. शटर दबेना. फोन केला तर म्हणाले, "बॉडीत फॉल्ट असेल, सर्व्हिस सेंटरला दाखवा." रत्नागिरीतून कॅमेरा उचलून मी कुठे पळणार होते? रात्री अकरा वाजता माहितीपुस्तिका उघडून बसले तेव्हा कळले की डी प्रकारच्या लेन्सवर अॅपर्चरची स्वतंत्र कडी असते आणि ती सर्वांत लहान अॅपर्चरवर, म्हणजे या लेन्समध्ये २२ च्या आकड्यावर आणून बाजूच्या इवल्याशा कळीने अडकवून ठेवायची असते. मी कडी फिरवली, कळ सरकवली, अक्षरे गेली. पण फोकस होईना. कारण त्याच पुस्तिकेत छापलेले होते: या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, फोकस फिरवणारी मोटर नाही आणि डी लेन्समध्येही ती नसते, त्यामुळे फोकस हाताने करावा लागतो.

ही माहिती काही गुपित नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये मोटर नसते, डी ७५०० सारख्या वरच्या बॉडींमध्ये असते, आणि एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेल्या लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात असते. (कॅनॉनने १९८७ मध्ये ईएफ माउंट (लेन्स जोडायची खाच) आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच ठेवली, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.) हे ज्याला ठाऊक नाही त्याने लेन्स विकू नये. आणि ठाऊक असूनही "काही फरक नाही" असे सांगणाऱ्याला काय म्हणावे, ते मी सभ्यपणाने इथे लिहू शकत नाही. लेन्स परत घ्या म्हटले तर बिलाच्या तळाशी छापलेली ओळ मला फोनवर वाचून दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आता त्या फुकट ढिगाचेही सांगते. यूव्ही फिल्टरच्या हलक्या काचेमुळे रंगमंचावरच्या दिव्यांचे हिरवट ठिपके फोटोभर उमटायचे. ट्रायपॉड इतका किरकोळ की लांब लेन्स लावली की त्याची मान खाली यायची. आणि बॅग? कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवा, सुरक्षित राहील, असा सल्ला मला मिळाला होता. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात, बंद बॅगेत लेन्स ठेवली की आतल्या काचेवर बुरशीची जाळी धरते. माझ्या १८-५५ वर ती पहिल्याच पावसाळ्यानंतर दिसली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात काम भागले असते. रत्नागिरीहून आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायची ही गोष्ट होती.

आणि मग भेटतात ते जाणकार. फोटो हलला असे सांगितले की "ऑटोवर काढतेस? मॅन्युअलवर काढल्याशिवाय कॅमेरा कळायचा नाही" असे ऐकवणारे, आणि लेन्सविषयी विचारले की "फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते" असे म्हणून वाटेला लावणारे. मला या दुसऱ्या वाक्याचा मनस्वी राग आहे. पैसे घेताना कॅमेराच सगळे करतो असे सांगायचे आणि फोटो बिघडले की नजरेवर खापर फोडायचे, म्हणजे शिकणाऱ्याने दाद मागायची तरी कोणाकडे? मला कोणीतरी शांतपणे इतके सांगायला हवे होते की चकती ए या अक्षरावर आण (म्हणजे अॅपर्चर तू ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो), अॅपर्चर पूर्ण उघड, आयएसओ १६०० कर, आणि फोकसचा बिंदू कॅमेऱ्याला निवडू देऊ नकोस, कारण तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. मधला एकच बिंदू ठेव आणि तो मुलीच्या चेहऱ्यावर धर. हे शिकायला एक दुपार पुरते. मॅन्युअलचा धाक घालून लोकांनी माझी दीड वर्षे घालवली.

शेवटी मी मुंबईतून डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८ जी ही लेन्स वापरलेली घेतली. निकॉनने ती २००९ मध्ये याच आकाराच्या सेन्सरसाठी काढली, तिच्यात मोटर आहे आणि या बॉडीवर ती डोळ्याला दिसते तसेच, ओढूनताणून जवळ न आणलेले दृश्य दाखवते. पहिल्या दिवशी दोन लेन्सच्या संचाऐवजी १८-५५ आणि ही एवढे घेतले असते आणि गॅदरिंगला तिसऱ्या रांगेतली खुर्ची धरली असती, तर काम झाले असते. पण लेन्स आली तेव्हा करोनामुळे शाळा बंद होत्या. पुढचे गॅदरिंग झाले ते थेट २०२२ च्या डिसेंबरमध्ये, मुलगी दहा वर्षांची झाल्यावर. त्या दिवशीचे फोटो स्पष्ट आले, घुंगरूसुद्धा मोजता येतील इतके. सात वर्षांच्या मुलीचा, पुढचे दोन दात पडलेले असताना केलेला पहिला नाच मात्र माझ्याकडे नाही. तो कोणतीही लेन्स परत आणून देणार नाही.

आता डीएसएलआरचे दिवस सरत आले आहेत. निकॉनच्या नव्या डीएसएलआर बॉडी २०२० मध्ये आल्या त्याच शेवटच्या, पुढे सगळा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर गेला. म्हणून वापरलेले डीएसएलआर आता स्वस्तात मिळतात आणि नवशिक्याने ते जरूर घ्यावेत, पण काउंटरवरची भाषा तीच आहे. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा मुलगा असाच एक संच ठरवून आला, तेच दोन लेन्सचे खोके आणि फुकटची तीच बॅग. मी त्याला सांगितले की पैसे देण्याआधी दुकानदाराला बॉडीवर एकेक लेन्स लावून हातात द्यायला सांग, दुकानातले अर्धे दिवे बंद करायला लाव, आणि समोर चालणाऱ्या माणसाचा फोटो फ्लॅशशिवाय काढून तिथेच मोठा करून पाहा. त्याने विचारले, "मावशी, ते असे करू देतील का?" देत नसतील तर बाहेर पड आणि शेजारच्या दुकानात जा, असे मी त्याला सांगितले आहे.