‘चाल संगीतकाराची, मग अरेंजरचं काय त्यात?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली, राग पोचला. तुमचं म्हणणं असं की ऑर्केस्ट्रावाले वर्षानुवर्षं ओरिजिनल म्युझिक कान लावून उतरवतायत, त्यांना कोणी चोर म्हणत नाही, मग एका मुलाने जुन्या भावगीताची युट्यूबवर टाकलेली नवी अरेंजमेंट (म्हणजे चालीच्या मागेपुढे कोणतं वाद्य काय वाजवणार ते, हे लिहितो तो अरेंजर) तुमच्या ग्रुपने वाजवली तर एवढा गहजब कशाला, चाल तर दोघांचीही नाही.

ऑर्केस्ट्रात इंट्रोचे पहिले चार सूर वाजले की टाळ्या पडतात कारण पब्लिकला माहितीये हे मूळ रेकॉर्डचं आहे, तिथे कोणी फसत नाही. (अरेंजरचं नाव मात्र तिथेही कोणी घेत नाही. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, आपल्याकडे इनॉक डॅनियल्स, अनिल मोहिले. निवेदक पिक्चरची हिरोईन कोण तेसुद्धा सांगतो, यांचं नाव नाही.) तुमच्या व्हिडिओखाली मात्र ‘संगीत संयोजन’ म्हणून तुमचं नाव आहे. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

‘कायद्यात कव्हरला, म्हणजे आधीचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला, परवानगी आहे’ असं ठणकावून लिहिलंत. आहे ना, पण २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ३१-सी वाचा: मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने, आणि गाण्यात मनाला येतील ते बदल करायचे नाहीत. घरी बसून कव्हर टाकणारे किती जण हे करतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे कायद्याची ढाल इथे नको.

‘त्या मुलाने तरी कुठे परवानगी घेतली होती?’ हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, खरंच. कायदा अरेंजमेंटला मूळ संगीताचं रूपांतर मानतो आणि ते करू द्यायचं की नाही हे मूळ संगीताच्या मालकाने ठरवायचं असतं, म्हणजे नसेल घेतली तर तो मुलगा आणि मालक असलेली म्युझिक कंपनी बघून घेतील. पण म्हणून त्याने रात्री जागून लिहिलेले स्ट्रिंग्जचे पीसेस तुमचे कसे झाले? उलट अरेंजरला बहुतेक वेळा एकदाच कामाचे पैसे मिळतात, पुढे रॉयल्टी नाही, हक्क नाही, कोर्टात त्याच्या बाजूने उभं राहायला कोणी येत नाही, म्हणून तर आपणच एक मेसेज टाकून विचारायचं. तो बहुतेक ‘वाजवा, फक्त नाव द्या’ म्हणेल, क्वचित पैसे मागेल, नाहीच म्हणाला तर आपले पीसेस आपण लिहायचे, तुमच्याकडे कीबोर्डवाला चांगला आहे की!

आणि खालच्या दुसऱ्या कमेंटमध्ये तुम्ही साम्य ‘योगायोग’ म्हटलंय. दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या व्हायोलिनच्या पीसमध्ये त्या मुलाने मुद्दाम कोमल निषाद (उतरलेला ‘नी’) लावलाय, मूळ गाण्यात तो कुठेच नाही, आणि तुमच्या सिंथवर तो त्याच मात्रेवर येतो.